लाटेला डबल बेल

मार्गशीर्षातल्या पहाटे भूमच्या स्थानकातून पहिली एसटी निघते, तेव्हा तिच्या पोटात आधी खव्याचा वास शिरतो आणि मग माणसं. ताजा आटवलेला खवा ओल्या फडक्यांनी तोंडं बांधलेल्या डब्यांतून मधल्या वाटेत रांगेनं ठेवलेला असतो. त्याची किंचित करपलेली, दुधाळ ऊब खिडक्यांच्या फटींतून घुसणाऱ्या गारठ्याशी भांडत राहते, बाहेर गुडघाभर वाढलेल्या शाळूवर धुक्याचा पातळ पदर असतो, आणि उजाडायचं की नाही याचा निर्णय पूर्वेनं अजून केलेला नसतो. त्या डब्यांच्या, घोंगड्यांच्या आणि जांभया देणाऱ्या माणसांच्या मधोमध मी उभी असते. कशालाही न धरता. हे तीन शब्द मी मुद्दाम वेगळे लिहिले, कारण पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

मी कंडक्टर आहे. मराठीत एम. ए. केलेली कंडक्टर, असं ऐकलं की लोक हळहळतात, जणू माझ्या हातून काही सांडलंय. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही, कारण वर्गात जेवढी भाषा शिकले त्याहून कितीतरी जास्त भाषा मला आठवडी बाजाराच्या गाडीत ऐकायला मिळाली. तिकिटाचं मशीन चालवायला कुणीही शिकतं. वेळ लागतो तो उभं राहायला शिकायला. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात चिल्लर, खांद्याला बॅग, आणि धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. मग हळूहळू गुडघेच शहाणे होतात, तळव्यांना खड्डा येण्याआधी कळतो, ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे वळला की आपली कंबर आपसूक मागे रेलते. आमचं तोंड प्रवाशांकडे आणि पाठ रस्त्याकडे असते. कुठं चाललोय हे मी वर्षानुवर्षं पाठीनं ओळखत आले. गाडी थांबवायची तर दोरी एकदा ओढायची, निघायचं तर दोनदा, म्हणजे डबल बेल, आणि त्या दोन टणत्कारांवर एवढी मोठी गाडी हलते, या गोष्टीचा मला नोकरीच्या पहिल्या दिवशी जो आनंद झाला होता तो अजूनही शिळा झालेला नाही.

गेल्या वैशाखात मी पडले. लग्नसराईची तुडुंब गाडी होती, मोगऱ्याचे गजरे, घाम, डिझेल आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या पिकल्या आंब्यांचा वास होता, आणि घाटातल्या वळणावर गाडी वळायच्या आधीच माझ्या डोळ्यांपुढचं सगळं जग वळलं. गुडघ्यांना कळलंच नाही. मी एका वरमाईच्या मांडीवर आदळले, तिथून खाली खव्याच्या डब्यावर, आणि शुद्ध असूनही मला उठता येईना. माणसं चांगली होती. कुणी पाणी दिलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि सगळ्यांनी मिळून मला खिडकीजवळच्या जागेवर बसवलं. खाकी अंगावर असताना गाडीत बसवलं जाण्याची जी लाज मला त्या दिवशी वाटली, ती आता लिहितानाही वाटते आहे.

धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागचे सरकले होते. त्यांनी माझं डोकं हातात धरून या कुशीवर, त्या कुशीवर असं काही विशिष्ट पद्धतीनं वळवलं, घरी करायला व्यायाम दिला, आणि थोड्याच आठवड्यांत मी बरी झाले. चक्कर गेली ती गेलीच. पण मी कामावर परतले, घाटाचं ते वळण जवळ आलं, आणि माझा हात माझ्या परवानगीशिवाय वरच्या दांडीला जाऊन चिकटला. मग तो प्रत्येक वळणावर जाऊ लागला. पुढं वळण नसतानाही जाऊ लागला. एका हातानं तिकिटं द्यायची, तर माणसं खोळंबतात, चिल्लर सांडते. आणि ड्रायव्हर नागनाथमामा, ज्यांच्याबरोबर मी सर्वांत जास्त काळ काम केलं, ते वळण आलं की माझ्यासाठी गाडी गोगलगायीसारखी चालवू लागले. त्यांच्या त्या मायेचा मला राग यायचा, आणि राग आल्याचंही वाईट वाटायचं.

मग मला बसवण्याची तयारी सुरू झाली. आगारात पासच्या खिडकीमागची खुर्ची रिकामी होणार होती. वरिष्ठांनी अतिशय सद्भावनेनं ती माझ्यासाठी राखून ठेवली आणि दिवाळीची गर्दी ओसरली की रजा घ्या, विचार करा, परत आलात की हो-नाही सांगा, म्हणाले. आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहेत, त्यांनी तर लंगड्या बैलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता बस की गं एका जागी. लई झालं उभं ऱ्हाणं.” नणंदेचंही तेच, शेजारणीचंही तेच. मला गंमत वाटते ती याची, की आमच्याकडे बाईला बस म्हणून सहसा कुणी सांगत नाही. पाहुणे आले, ऊठ. भाकरी टाकायची, ऊठ. खुरपणीला, पाण्याला, म्हशीला, लेकराला, ऊठ. आणि ज्या दिवशी सगळी मिळून एकमुखानं बस म्हणतात, त्या दिवशी समजावं की तिचं नाव त्यांनी मनातल्या मनात खोडलेलं आहे. मला खोडलं जायचं नव्हतं. खुर्ची वाईट नव्हती, खुर्चीत बसून काम करणाऱ्या बायकाही वाईट नव्हत्या. पण मी तिथं भीतीनं जाऊन बसणार होते, आणि भीतीनं धरलेली जागा पुन्हा सुटत नाही.

माझी मुलगी गौरी पुण्यात नोकरी करते. तिनं त्या दिवसांत फोनवर एक चित्रफीत पाठवली. कोकणच्या किनाऱ्यावर ती कार्यालयातल्या मैत्रिणींबरोबर चार दिवस लाटांवर उभं राहायला शिकायला गेली होती, आणि पांढऱ्या फेसाच्या पुढं एका फळीवर, हात पसरून, गुडघे वाकवून, माझी मुलगी अगदी माझ्यासारखी उभी होती. कशालाही न धरता. मी ती चित्रफीत जेवण करपेपर्यंत पाहिली. पाचवीला पुजलेला दुष्काळ असलेल्या तालुक्यातली मी बाई, समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता, पोहणं येत होतं ते माहेरच्या, बेंबळीच्या विहिरीतलं. लोकर कातरण्याआधी दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं धुवायचे तेव्हा आम्ही पोरीही पाण्यात पडायचो, तेवढंच. पण गौरीला मी फोन करून सांगितलं की मलाही तिथं जायचंय. आमच्या ह्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग खरं कळल्यावर ते म्हणाले की माणसं चक्कर जावी म्हणून देवाला जातात, तू चक्कर आणायला समुद्राला निघालीस. मी म्हटलं, देव काही पळून जात नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी डब्यासाठी शेंगाचटणी कुटायला स्वतः बसले.

समुद्राची पहिली ओळख मला वासानं झाली. ओल्या जाळ्यांचा, सुकत घातलेल्या मासळीचा, सुरूच्या सुयांचा आणि त्यांच्या पलीकडून येणारा एक रुंद, खारट, गार श्वास. मग तो दिसला. आमच्याकडे माळावर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत काही नसतं, म्हणून मला त्या विस्ताराचं अप्रूप वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या हलण्याचं. एवढं मोठं काही, आणि एक क्षण स्थिर नाही. मी बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतले आणि मग त्यात पाऊल टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या शहरातल्या मुली हसल्या. त्यांना कसं सांगावं, की आमच्याकडे पाण्यात मळका पाय घालत नाहीत, ते पाणी कुणीतरी पिणार असतं.

शिकवणारी रेश्मा तिशीची, मच्छीमाराच्या घरातली, उन्हानं रापलेली आणि बोलायला कमी. तिनं पहिला दिवस आम्हाला वाळूवरच लोळवलं. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मागे सारल्यासारखं करायचं, मग तळवे बरगड्यांपाशी टेकून एका झटक्यात उभं राहायचं. आणि आधी शिकवलं ते पडायला. पाण्यावर कसं आडवं पडायचं, डोक्यावर हात कसे घ्यायचे, पायाला दोरीनं बांधलेली फळी कुठून येऊन लागेल याचा अंदाज कसा ठेवायचा. पडणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या वाळूत उगाचच दोनदा जास्त पडून घेतलं.

पण वाळूवर उभी राहिले, की माझा उजवा हात आपोआप वर जायचा. तिथं दांडी नव्हती, छत नव्हतं, कोकणाचं निळं, गुळगुळीत आकाश होतं. तरी हात जायचा. मुलींना वाटायचं मी काही विचारते आहे. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो तेव्हा आणखी एक खोड बाहेर पडली. लाट येताना दिसली की मी मान वळवून मागे पाहत बसायची. लाट उचलू लागे, रेश्मा ओरडून निघा म्हणे, आणि मी मागेच बघतेय. मग ती लाट माझ्या पोटाखालून सरकून पुढं निघून जाई आणि काठावर जाऊन एकटीच फुटे. पुन्हा तेच. सगळ्या मुली एकेकदा तरी उभ्या राहून पडल्या होत्या, मी अजून झोपलेलीच होते. आपली ही कसली जडता, म्हणून मी स्वतःवर चिडले, आणि मग चिडता चिडता मला उमगलं की मी वाट पाहतेय. सगळे चढले का, दार लागलं का, कुणी म्हातारं पायरीवर अडकलं तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी कधी निघालेच नाही. लाट अख्खी माझ्या फळीत चढून बसावी म्हणून मी खोळंबत होते. रेश्मा कंबरभर पाण्यातून चालत आली, फळीचं टोक धरलं आणि तिच्या बोलीत म्हणाली, “ताई, कोणाची वाट बघतास? हयसर डायवर नाय. तुमकाच जावचा आसा.”

तिला मी कंडक्टर असल्याचं ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी मला गरगरलं. लाटेखाली गेले होते, वर आले तर किनारा तिरपा झालेला, सुरूची झाडं एका बाजूला कललेली, अगदी वैशाखातल्यासारखं. मी फळीला मिठी मारली. रेश्मानं मला काठावर आणलं, नारळाच्या झावळ्यांच्या सावलीत बसवलं, आणि तीही म्हणाली की आजचा दिवस बसून राहा. तिचं चुकलं नव्हतं. पण ‘बसून राहा’ हे शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांना असं पाणी आलं की मला तोंड फिरवावं लागलं. एवढ्या लांब येऊन, घरच्यांची थट्टा ऐकून, शेवटी मी पुन्हा बसलेच होते. समोर मुली लाटांवर उठत होत्या, पडत होत्या, हसत होत्या, उन्हाचा रंग हळदीवरून कुंकवाकडे सरकत होता, आणि मी मनातल्या मनात पासच्या खिडकीमागची ती खुर्ची पुसून घेत होते.

मग मान कलती करून बसले असताना माझ्या कानातून गरम पाण्याची एक धार गळ्यावर उतरली. तेवढंच. कान मोकळा झाला, लाटांचा आवाज एकदम जवळ आला, आणि झाडं सरळ झाली. ते खडे नव्हते, समुद्राचं पाणी होतं. मी उठून उभी राहिले, डॉक्टरांनी दिलेले व्यायाम केले, डोकं या बाजूला, त्या बाजूला. काही फिरलं नाही. मग जे आधी जाणवायला हवं होतं ते जाणवलं. गाडीत पडले त्या दिवशी जग स्थिर होतं आणि मी फिरत होते, म्हणून मला कशावरच विश्वास ठेवता येईना. इथं जग खरोखरच हलत होतं. माझे डोळे, माझे कान, माझे तळवे, सगळे एकच बातमी देत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं शरीर खोटं बोलत नव्हतं, आणि मी त्याला भीतीच्या भरात खोटं ठरवून मोकळी झाले होते. अंधार पडायला अजून अवकाश होता. मी रेश्माकडे गेले आणि सांगितलं की मला पाण्यात जायचंय, आणि तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा, पण धरू नका. तिनं माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, मला एका पायावर उभं करून पाहिलं, आणि मगच मान हलवली.

ती लाट मोठी नव्हती. खरं सांगायचं तर ती अगदीच किरकोळ, कमरेएवढी, आधीच फुटलेली होती. मी मागे पाहिलं नाही. फळीचं शेपूट उचललं गेलं, पोटाखाली पाण्याचा तो ढकलणारा हात आला, तळवे टेकले, आणि मी उभी राहिले. गुडघे वाकले ते मी वाकवले नाहीत. माझ्या सगळ्या खड्ड्यांनी, सगळ्या घाटांनी, कच्च्या रस्त्यांच्या सगळ्या पावसाळ्यांनी ते वाकवले. हात वर गेला नाही. समोर किनारा येत होता, आणि मला तो दिसत होता. पाठीनं नाही, डोळ्यांनी. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग फळी वाळूला घासली आणि मी तोंडावर पडले, नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि मी खोकत खोकत इतकी हसले की रेश्मा धावत आली.

शेवटचे दोन दिवस शिडाच्या फळीचे होते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की लाटांपासून आत, खाडीच्या तोंडाजवळच्या शांत पाण्यात आम्ही जायचो. ही फळी रुंद, तिच्यावर डोलकाठी आणि शीड. शीड आधी पाण्यात आडवं पडलेलं असतं, त्याला बांधलेली जाड दोरी धरून ते उभं करायचं, मग मधला आडवा दांडा धरायचा आणि वाऱ्यावर निघायचं. मी फळीवर उभी राहिले, दोरी हातात घेतली, आणि टण टण, दोनदा हलकेच ओढली.

शीड जागचं हललं नाही. हलणार कसं? मी पुन्हा दोनदा ओढली. रेश्मा पाण्यात उभी राहून पाहत होती, तिला वाटलं माझ्यात जोर नाही. जोर होता. मनगटात जन्मभराची सवय होती, की दोरी दोनदा ओढली की आपलं काम संपतं आणि पुढचं दुसरं कुणीतरी करतं. मी इतकी वर्षं ‘चला’ म्हणत आले. चालले मात्र कधीच नव्हते, मला नेलं जात होतं. याचा मला त्या क्षणी रागच आला, कुणावर ते सांगता येणार नाही. मी दोरी घट्ट धरली, हात ताठ केले, सगळं अंग मागे रेलवलं आणि मांड्यांनी ओढली. पाण्यानं भरलेलं शीड आधी मुळीच हलेना, मग एका कोपऱ्यातून पाणी ओघळलं, मग ते थरथरत, निथळत, उभं राहिलं, आणि त्याच्या निळ्या पटातून सूर्य माझ्या अंगावर आला.

वारा पाठीवर घ्यायचा असतो, हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. दादा मेंढरांमागे उभे राहायचे, एक पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्याला टेकलेला, काठीवर हनुवटी, अंगावर घोंगडी, आणि माळावरचा तो बोचरा वारा कायम पाठीवर. मेंढरंही तशीच उभी असायची. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं की तुमची काठी काढून घेतली तर तुम्ही पडाल का. ते म्हणाले होते, “काठी आधाराला नसती पोरी. हाताला चाळा पायजे म्हणून असती.” दादा जाऊन बराच काळ लोटला. खाडीच्या पाण्यावर, पाठीवर वारा घेऊन, शिडाचा दांडा दोन्ही हातांत धरून मी तिरपी सरकू लागले तेव्हा मला त्यांचं ते वाक्य आठवलं, आणि मी मोठ्यानं ‘चला’ म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं. मग वाऱ्याचा एक झोत आला, मी दांडा वेळेवर सोडला नाही, आणि शिडासकट पाण्यात गेले. त्या दिवशी मी सरकले त्याहून जास्त पडले, हेही इथं लिहायला हवं.

परत आले तेव्हा आमच्या ह्यांनी मला उंबऱ्यातच आपादमस्तक पाहिलं. नाकाची साल निघाली होती, हात सोलवटले होते, चेहरा तव्यासारखा काळा. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की उभी राहिलीस का. मी हो म्हटलं. मग त्यांनी रात्री जेवताना तीन वेळा, वेगवेगळ्या निमित्तानं, तेच विचारलं. आगारात जाऊन मी खुर्ची नको म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, मॅडम, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. मी म्हटलं, भावनेच्या भरातच घेते आहे साहेब, पण कान तपासून आणलाय. डॉक्टरांचा दाखला त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खाकी चढवली.

पहिल्याच पहाटे नागनाथमामांची गाडी मिळाली. तोच खव्याचा वास, तेच धुकं, शाळू आता वितभर आणखी उंच. मी तिकिटं देत फिरत होते आणि अजून सगळं सपाट होतं, म्हणून हात शहाण्यासारखे वागत होते. मनात मात्र ते वळण गाडीच्या आधी धावत होतं. समुद्रावर जे जमलं ते इथं जमेल असं कुणी लिहून दिलं नव्हतं. पाण्यात पडलं तर पाणी लागतं; इथं लोखंड आहे, खव्याचे डबे आहेत, आणि बघणारी माणसं ओळखीची आहेत.

घाट सुरू झाला. पायाखालचा आवाज बदलला, आणि मला तळव्यांतून समजलं की मामांनी वेग कमी केलाय. वळण अजून लांब होतं. ते माझ्यासाठी करत होते, पूर्वीसारखंच, मायेनं. पुढच्या बाकावरची एक म्हातारी, मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन, केव्हापासून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “बाई, धरा की कशाला तरी. पडशाल.”

“पडले तर उठते, मावशी,” मी म्हटलं. “तुमी धरून बसा.”

हात वर गेला. गेलाच तो, दांडीच्या अगदी जवळ गेला, लोखंडाचा गारवा बोटांना जाणवावा इतका. मग मी तो तसाच पुढं सरकवला, दोरी पकडली आणि दोनदा ओढली. त्या जागी थांबा नव्हता, कुणी चढलं नव्हतं, कुणी उतरलं नव्हतं. आरशात मामांचे डोळे वर झाले. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीनं तिचा नेहमीचा, जुना वेग घेतला. मी दोरी सोडली. पाठीमागे वळण येत होतं, खिडकीतून उन्हाची पहिली तिरीप डब्यांच्या ओल्या फडक्यांवर पडली होती, आणि माझे गुडघे आपणहून वाकले.

ती डबल बेल कुणासाठी होती, हे मामांनी पुढं कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.